ॲल्युमिनियम ओतून घरीच लेथ बनवायचा असेल तर

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, घरामागे पत्र्याची शेड आहे, गॅरेजमधून जुने पिस्टन आणि फॅब्रिकेशनवाल्यांकडून खिडक्यांच्या सेक्शनचे तुकडे स्वस्तात मिळतात. ते वितळवून आधी छोटा लेथ, मग त्याच लेथच्या मदतीने शेपर (टूल पुढे-मागे नेऊन धातू तासणारं यंत्र) आणि मिलिंग मशीन (फिरत्या कटरने कापणारं) बनवायचं आहे. मित्र म्हणतो, ॲल्युमिनियमचा लेथ म्हणजे खेळणं. तर तो लेथ ०.०२ मिमीच्या अचूकतेत काम देईल का, आणि सुरुवात भट्टीपासून करू की पॅटर्नपासून (वाळूत साचा उठवायच्या लाकडी नमुन्यापासून)?

माझं काम कोल्हापुरात पॅटर्न आणि छोट्या नॉन-फेरस कास्टिंगचं. स्वतःची मशीन स्वतः बनवू पाहणारे हौशी लोक अधूनमधून पॅटर्न घेऊन येतात, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. तुम्ही म्हणताय तो क्रम मूळचा अमेरिकेतला. मिसूरी राज्यातल्या डेव्हिड गिंगरी यांनी १९८० च्या दशकात तो लोकांपुढे ठेवला: आधी कोळशाची भट्टी, मग लेथ, मग शेपर, मग मिलिंग, आणि प्रत्येक मशीन पुढच्याचे भाग करून देणार. त्या क्रमात तथ्य आहे. पण तो मांडला गेला तो अशा माणसासाठी, ज्याच्याकडे हँड ड्रिल, कानस आणि भरपूर संध्याकाळी सोडून काही नाही. तुमच्या गावात सातपूर-अंबड एमआयडीसी आहे. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आधी एक स्पष्ट सांगतो. टर्निंगची कामं करायची एवढाच उद्देश असेल, तर हा खटाटोप करू नका. राजकोट किंवा बटाल्याचा जुना लेथ, बेड (बाकीचे भाग ज्यावर बसतात-सरकतात तो लांब पाया) फार खाल्लेला नाही असा बघून घ्या. लोखंड, कोळसा, बेअरिंगं, चक (काम पकडणारा जबडा), मोटर आणि वाया गेलेल्या कास्टिंगचा हिशोब धरला तर घरचा लेथ स्वस्त पडतोच असं नाही. मशीन बनवणं हाच छंद असेल, तर मात्र पुढे वाचा.

तुम्ही चिंता करताय ओतकामाची. ओतकाम चार-सहा मोल्ड फुकट गेले की हाताला येतं. खरी अडचण पुढे आहे. ओतलेला तुकडा कितीही सुबक निघाला तरी तो वाकडाच असतो. थंड होताना ओढला जातो, वाळूतून पॅटर्न सोडवताना साचा हलतो, जाड जागी खचतो. मग लेथला लागणारी सरळ रेषा, सपाटी आणि काटकोन आणायचे कुठून? ते बाहेरून उसने घ्यावे लागतात: ग्राउंड केलेल्या स्टीलच्या पट्टीकडून, सरफेस प्लेटकडून (अतिशय सपाट संदर्भ-पाट्याकडून), चांगल्या बेअरिंगकडून. ॲल्युमिनियमचं काम एवढंच, की ही उसनी अचूकता जागच्या जागी धरून ठेवायची. ते त्याला जमतं का, हा तुमच्या मित्राच्या शेऱ्यामागचा मुद्दा.

आकड्यात बघू. ॲल्युमिनियमचा ताठपणा, म्हणजे यंग्ज मोड्युलस, ७० गिगापास्कल. बिडाचा (कास्ट आयर्नचा) साधारण १०० ते १२०, स्टीलचा २०० च्या वर. म्हणजे त्याच मापाचा बेड ॲल्युमिनियममध्ये ओतला तर तो बिडापेक्षा दीडपटीहून जास्त वाकेल. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे सेक्शनची उंची साधारण १६-१७ टक्के वाढवली की बिडाची बरोबरी होते, आणि वजन तरीही निम्म्याहून कमी राहतं. ६० मिमीचा बेड ७० मिमी करा, विषय संपला. ताठपणावरून ॲल्युमिनियमला खेळणं म्हणणाऱ्याने हे गणित केलेलं नसतं. बिडाची दुसरी बाजू मात्र खरी आहे. त्यातल्या ग्राफाइटमुळे ते थरथर पिऊन टाकतं, ॲल्युमिनियम घंटेसारखं वाजतं. म्हणून हौशी लेथवर चॅटर (कापताना होणारी टूलची थरथर) लवकर येतो. बेडच्या पोकळीत काँक्रीट किंवा इपॉक्सी-खडीचं मिश्रण भरलं तर बराच फरक पडतो.

आता धातू. पिस्टन चांगले, कारण त्यात सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतं. सिलिकॉनमुळे रस (वितळलेला धातू) पातळ वाहतो, कोपरे भरतात आणि थंड होताना तडे कमी जातात. पिन, सर्क्लिप आणि रिंगा आधी काढा. डिझेलच्या काही पिस्टनमध्ये वरच्या रिंगेच्या खाचेत लोखंडी कडं ओतलेलं असतं, ते वितळत नाही. रस तयार झाला की लगेच चिमट्याने बाहेर काढायचं. जितका वेळ लोखंड रसात पडून राहील तितकं ते विरघळत जातं आणि कास्टिंग ठिसूळ होतं. म्हणूनच स्टीलच्या डब्यात किंवा पाइपच्या तुकड्यात वितळवण्याचा सल्ला मी देत नाही. ग्राफाइटची मूस घ्या. मोटारीची तुटकी अलॉय व्हील मिळाली तर ती पिस्टनपेक्षाही बरी, त्यांचं मशीनिंग सुंदर होतं. खिडक्यांचे सेक्शन मात्र दाबून काढण्यासाठी बनवलेल्या धातूचे, त्यात सिलिकॉन जवळजवळ नाहीच. नुसते तेच ओतले तर रस अर्ध्या वाटेत गोठतो आणि कोपऱ्यांत तडे जातात. पिस्टनमध्ये मिसळायचे असतील तर तिसऱ्या हिश्श्याच्या वर नकोत. थंड पेयांच्या कॅनचा नाद पूर्ण सोडा, अर्धी मळीच (रसावर तरंगणारा कचरा) निघते.

भंगारात एखादं फार हलकं इंजिन कव्हर आलं, तर ते मॅग्नेशियमचं नाही ना ते बघा. कानशीने घासून चकचकीत जागेवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर तो तुकडा बाजूला. मॅग्नेशियम भट्टीत पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं.

भट्टीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तुमची सोय महत्त्वाची. कोळसा आणि ब्लोअर, एलपीजी बर्नर किंवा कॉइलची इलेक्ट्रिक, तिन्ही चालतात. एक किलो ॲल्युमिनियम ओतण्याच्या तापमानापर्यंत न्यायला प्रत्यक्षात धातूत जाणारी ऊर्जा जेमतेम ०.३ युनिट, बाकी सगळं भट्टीच्या भिंती आणि धुरात जातं. त्यामुळे पैसे इन्सुलेशनवर खर्च करा. धातू ६६० अंशांच्या आसपास वितळतो (पिस्टनचा त्याआधीच), ओतायचा ७०० ते ७४० ला. त्याहून तापवला की रस हायड्रोजन पितो, आणि गोठताना तोच गॅस बारीक छिद्रं होऊन बाहेर पडतो. मशीनिंग केल्यावर दिसणारे ते टाचणीच्या टोकाएवढे खड्डे बहुतेक वेळा याच कारणाने असतात. लवकर वितळवा, ढवळत बसू नका, मळी एकदाच काढा आणि ओता. डीगॅसिंगच्या गोळ्या मिळतात, पण त्यांचा क्लोरिनयुक्त धूर घराच्या शेडमध्ये नको.

सुरक्षेचं एकच कलम मी दरवेळी बजावतो: पाणी. ओला भंगार तुकडा, दमट चिमटा, तेल अडकलेली बंद पोकळी, यापैकी काहीही रसाखाली गेलं की वाफ फुगते आणि रस उडतो. प्रत्येक तुकडा आधी भट्टीच्या काठावर कोरडा तापवून मगच आत सोडा. उघड्या काँक्रीटवर ओतू नका, त्यातला दमट थर टवके उडवतो; खाली कोरड्या वाळूचा जाड थर हवा. चेहऱ्यावर शील्ड, अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट. नायलॉनचा टी-शर्ट घालून भट्टीजवळ आलेल्या माणसाला मी परत पाठवतो.

वाळू सिलिका घ्या. आमच्याकडे सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली येते. त्यात ८-१० टक्के बेंटोनाइट आणि मुठीत दाबल्यावर गोळा होऊन, मोडल्यावर स्वच्छ दोन तुकडे होतील इतकंच पाणी. कोरडी वाळू चाळताना मास्क लावा, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. पॅटर्नला १.३ टक्के आकुंचन धरा, मशीनिंगच्या बाजूंना २ ते ३ मिमी जादा, आणि सगळ्या उभ्या भिंतींना दीड-दोन अंश ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न वाळूतून सहज सुटावा म्हणून दिलेला उतार. डिझाइन करताना सगळीकडे जाडी सारखी राहील असं बघा, ८ ते १० मिमी. बोल्टसाठी मध्येच २५ मिमीचा गड्डा ठेवला की तो शेवटी गोठणार, आणि आजूबाजूचा धातू आधीच गोठल्यामुळे आतून पोकळ राहणार. असा गड्डा टाळता येत नसेल तर त्याच्या डोक्यावर त्याहून जाड रायझर (गोठताना रस पुरवणारा जादा खांब) द्या. रनर (रस आत नेणारी वाट) आणि रायझरसाठी कास्टिंगच्या वजनाच्या निम्मा धातू जास्तीचा लागतो, मूस निवडताना तो हिशोब धरा.

कास्टिंग निघालं की लगेच मशीनिंगला घेऊ नका. रफ कट मारून वरचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर काढा, २०० अंशांच्या आसपास काही तास तापवा, सावकाश थंड होऊ द्या, आणि मगच फिनिश करा. आतले ताण या वाटेने मोकळे होतात. नाहीतर आज सपाट केलेला बेड महिन्याने सपाट राहत नाही.

आता बेड. याच्यावर सगळं उभं आहे, म्हणून इथे वेळ घ्या. ॲल्युमिनियमवर काहीही सरकवायचं नाही. ते चिकटतं, ओरखडतं, चिप रुतून बसते. घसरण्याचा पृष्ठभाग स्टीलच्या पट्टीचाच हवा, आणि पट्टी बाजारातली साधी ब्राइट बार नको. ब्राइट बार वरून गुळगुळीत दिसते, पण खेचून काढताना तिच्यात ताण भरलेला असतो. एका बाजूने मशीनिंग केलं की ती वाकते. पट्ट्या एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्याकडून दोन्ही बाजूंनी सरफेस ग्राइंड करून घ्या, जोडी एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे दोन्हींची जाडी तंतोतंत सारखी येईल. गिंगरींच्या वाचकाला ही सोय नव्हती. तुम्हाला आहे, तर मी ती निःसंकोच वापरेन.

पट्टी बसवायची त्या ॲल्युमिनियमच्या बाजूचं काय? ते ग्राइंड होत नाही, व्हील भरून जातं. मिलिंग करून घेता येईल, किंवा मार्किंग ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून स्क्रेप करता येईल, म्हणजे ते उंचवटे हाताने खरवडता येतील. पण हौशी माणसाला मी तिसरा मार्ग सांगतो. ग्राउंड पट्ट्या सरफेस प्लेटवर पालथ्या ठेवा, त्यांच्यावर धातूची पूड घातलेली इपॉक्सी लावा, आणि रफ मशीनिंग केलेला बेड वरून उलटा टेकवा. दोघांमध्ये मिलिमीटरभर थर राहील इतकी फट ठेवा. इपॉक्सी घट्ट झाली की पट्ट्या सरफेस प्लेटइतक्याच सपाट बसलेल्या असतात आणि बेडचा खडबडीतपणा त्या थरात जिरलेला असतो. जोर लावायचा नाही, बोल्ट इपॉक्सी वाळल्यावर आवळायचे. प्लेट नसेल तर एखाद्या टूलरूममध्ये विनंती करून त्यांच्या प्लेटवर रात्रभर ठेवू देतात का बघा. पट्ट्यांना आणि प्लेटला मेण किंवा रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावायला विसरलात तर पुढच्या वेळी आत घेणार नाहीत.

आता एक गोष्ट, जी बहुतेक लोक लक्षात घेत नाहीत. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील १२. नाशिकची डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत पत्र्याच्या शेडमध्ये सहज २५ अंशांचा फरक पडतो. ५०० मिमीच्या बेडवर स्टील आणि ॲल्युमिनियमच्या वाढीतला फरक येतो ०.१४ मिमीच्या आसपास. पट्टी दोन्ही टोकांना जखडली असेल तर हा फरक बेडला वाकवून वसूल होतो. उपाय असा, की हेडस्टॉकच्या (फिरता स्पिंडल धरणाऱ्या भागाच्या) बाजूला पट्टी डॉवेल पिनने (जागा पक्की करणाऱ्या खिळीने) पक्की करा आणि बाकीच्या बोल्टांची भोकं थोडी ढिली ठेवा. इपॉक्सी वापरणार असाल तर पट्टीच्या अंगाला रिलीज एजंट लावायचा तो यासाठीही: इपॉक्सी आकार देईल, पण पट्टी धरून ठेवणार नाही. आणि बेड टेबलावर चार पायांवर कधीच बसवू नका. तीनच टेकू द्या, हेडस्टॉकखाली दोन आणि टेलस्टॉकखाली (कामाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाखाली) एक. ॲल्युमिनियम पिळवटतं लवकर. वाकडं टेबल चार बोल्टांमधून आपला वाकडेपणा बेडमध्ये उतरवतं.

हेडस्टॉकचं बोअर बाहेरून करून आणण्याचा मोह टाळा. इथे जुनी पद्धतच उत्तम: कॅरेजवर (बेडवरून सरकणाऱ्या, टूल नेणाऱ्या भागावर) हेडस्टॉकचं कास्टिंग घट्ट बांधा, दोन तात्पुरत्या आधारांमध्ये बोअरिंग बार फिरवा, आणि कास्टिंग बेडवरून सरकवत बोअर करा. दोन्ही बेअरिंगची घरं एका रेषेत येतात आणि ती रेषा बेडला समांतर होते, कारण बेडनेच ती आखलेली असते. या पद्धतीचं सौंदर्य हेच, की त्यासाठी तुमच्याकडे आधी लेथ असावा लागत नाही.

पुढच्या बाजूला ३०२०६ नंबरचं टेपर रोलर बेअरिंग घेतलं तर त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिमी. स्पिंडल चालून हेडस्टॉक ४० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियमचं घर बेअरिंगच्या कपापेक्षा (बाहेरच्या स्टीलच्या कड्यापेक्षा) २७ मायक्रॉनने जास्त फुगतं. गार असताना अंगठ्याने बसणारा कप गरम झाल्यावर सैल फिरू लागेल. म्हणून फिट ०.०३ ते ०.०४ मिमी घट्ट ठेवा. हेडस्टॉक १५० अंशांपर्यंत तापवला की ६२ चं बोअर ०.१७ मिमीच्या आसपास उघडतं आणि कप हातानेच आत जातो; हातोडा लागला तर माप चुकलंय. लांबीच्या दिशेने उलटं घडतं: घर लांब होतं, दोन्ही कप एकमेकांपासून दूर सरकतात आणि मागच्या नटने आवळलेल्या स्पिंडलचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) वाढतो. म्हणून प्रीलोड गार मशीनवर लावू नका. अर्धा तास चालवा, कोमट झाल्यावर नट सेट करा.

बोल्टांसाठी ॲल्युमिनियममध्ये आटे व्यासाच्या दुप्पट ते अडीचपट खोल पाडा, आणि जे बोल्ट वारंवार सुटणार आहेत तिथे हेलिकॉइल (स्टीलच्या तारेचे आटे) घाला. टूलपोस्टखालची टी-स्लॉट (बोल्ट अडकवायची T आकाराची खाच) ॲल्युमिनियमची ठेवू नका, ओठ तुटतो.

०.०२ मिमी मिळेल का? कुठे मोजणार त्यावर आहे. वर्तुळाकारपणा बेअरिंगवर अवलंबून, तो चांगल्या बेअरिंगने याहून बरा मिळेल. १०० मिमी लांबीत टेपर (दोन टोकांच्या व्यासातला फरक) ०.०२ च्या आत आणणं बेड-हेडस्टॉकच्या जुळणीवर. चकमध्ये २५ मिमीचा बार बाहेर १२५ मिमी ठेवून पकडा, टेलस्टॉक न लावता दोन टोकांना दोन कॉलर सोडून मधला भाग उतरवा, मग क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर सरकवणारा भाग) न हलवता दोन्ही कॉलरवर ०.०५ चा हलका कट मारा आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक दिसला की हेडस्टॉक थोडा वळवा, पुन्हा कट. गरम झाल्यावर हेडस्टॉक ४० मायक्रॉनने उंच होतो असं कोणी घाबरवेल. ९० मिमी सेंटर हाइट आणि २० अंश धरले तर आकडा बरोबर आहे. पण टूलच्या उंचीतला तेवढा फरक व्यासात दिसतही नाही. टेलस्टॉकमधून बारीक ड्रिलिंग करताना जाणवेल, एवढंच. कटची खोली मात्र समजून घ्या. माइल्ड स्टीलमध्ये अर्ध्या मिमीच्या आसपास हा लेथ खुशीत असतो, दोन मिमी मागितलेत तर ओरडेल.

शेपर ॲल्युमिनियममध्ये करायला हरकत नाही, रॅम हलका असतो तो फायदाच. मिलिंगचा कॉलम मात्र नको. कटर दर फेरीला दाताने ठोकतो, आणि ॲल्युमिनियमची घंटा तिथे सगळ्यात वाईट वाजते. त्यासाठी तुमचेच पॅटर्न घेऊन बिडाची कास्टिंग काढून घ्या. बिडाचं आकुंचन एक टक्क्याच्या आसपास, तुमचा पॅटर्न १.३ चा, कास्टिंग थोडं मोठं निघेल, बिघडत काहीच नाही. इथल्या, कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावची मोठी फाउंड्री एका नगासाठी दार उघडणार नाही. पॅटर्नवाल्याला मध्ये घाला, तो एखाद्या छोट्या युनिटच्या रोजच्या ओतणीत तुमचा बॉक्स लावून घेतो. खरं तर लेथचा बेडही असाच बिडात काढून बाकीचं सगळं घरी ॲल्युमिनियममध्ये केलंत तर निम्म्या चिंता जातील. ते तुमच्या हौशीवर सोडतो.

सुरुवात पॅटर्नपासून करा, भट्टी एका रविवारी उभी राहते. पहिला पॅटर्न बेडचा नको, फेस प्लेटचा करा: १५० मिमीची गोल चकती, मागे रिब, मध्ये बॉस (जाड गड्डा). त्यात जाड-बारीक सगळं येतं आणि वाया गेली तर परत मुशीत जाते. निघालेली पहिली चकती मशीनिंगला लावू नका. बॉसमधून हॅकसॉने कापा आणि कापलेली बाजू भिंगाखाली बघा. गोल, गुळगुळीत छिद्रं दिसली तर गॅस, म्हणजे रस जास्त तापलाय किंवा भंगार दमट होतं. खडबडीत, फाटल्यासारखी पोकळी दिसली तर आकुंचन, म्हणजे रायझर कमी पडला. वाळूचे कण दिसले तर मोल्ड नीट ठोकलेला नाही. ती बाजू स्वच्छ निघाली की बेडच्या पॅटर्नचं लाकूड आणा.